अकरावीला सहा एपी घेतलेच पाहिजेत का? (फॉर्म शुक्रवारी द्यायचाय)

गोंधळलेली_आई

नमस्कार मंडळी, मुलगी दहावीत आहे म्हणजे सोफोमोर, आम्ही न्यू जर्सीत, पब्लिक हायस्कूल, शाळा मोठी आणि चढाओढीची, कॅटलॉगमध्ये वीसच्या वर एपी (हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, शेवटी मेमध्ये १ ते ५ स्कोअरची परीक्षा) आहेत. पुढच्या वर्षीचा कोर्स सिलेक्शनचा फॉर्म शुक्रवारी द्यायचाय आणि गेले चार दिवस घरात दुसरा विषय नाही. तिने स्वतः भरलंय ते असं की एपी लँग (इंग्लिश), ए-पुश (अमेरिकेचा इतिहास), कॅल्क्युलस एबी, एपी बायो, शिवाय स्पॅनिश ४ ऑनर्स (साध्या वर्गाच्या वरची पण एपी नसलेली पातळी) आणि ऑर्केस्ट्रा. नवऱ्याचं म्हणणं ऑर्केस्ट्रा सोड, तिथे एपी कॉम्प्युटर सायन्स घे, आणि स्पॅनिश तीन वर्षं झालं की पुरे, त्याजागी एपी फिजिक्स १, म्हणजे चाराचे सहा होतात. कारण काय तर त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलाने चार वर्षांत तेरा एपी घेतले आणि तो कॉर्नेलला गेला. हे 'तेरा' आमच्या घरात आता रामरक्षेसारखं रोज संध्याकाळी म्हटलं जातं.

मी भारतात शिकले, बारावीचे मार्क आले, लिस्ट लागली, नाव आहे का बघितलं, नव्हतं, दुसऱ्या कॉलेजच्या लिस्टमध्ये बघितलं, संपलं. इथे लिस्टच नाही, सगळे म्हणतात 'रिगर' (कोर्सेसचा कस) बघतात, पण रिगर म्हणजे नक्की किती हे कुणी सांगत नाही. कॉलेजं खरंच एपी मोजतात का? मागच्या सेमिस्टरला एपी वर्ल्ड हिस्टरीमध्ये तिला बी प्लस आलाय, बाकी सगळे ए, तर एपीत बी चांगला की ऑनर्समध्ये ए? आणि मे महिन्यातल्या परीक्षेच्या स्कोअरचं काय, तो कुठे धरतात? इंजिनिअरिंग नकोय तिला, बायोलॉजीकडे कल आहे, पण पंधरा वर्षांची आहे, उद्या बदलेलही. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा प्लीज.

नुसताच_वाचक

बी की ए? त्यांना एपीतला ए हवा असतो :)

गोंधळलेली_आई

हे आमच्या काऊन्सेलरनेही ओरिएंटेशनला सांगितलं आणि सगळा हॉल हसला. मी सोडून.

पाटी_खडू

मी पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते, बरीच वर्षं झाली, काऊन्सेलर नाहीये पण दर फॉलला रेकमेंडेशन लेटर्सचा ढीग लिहिते आणि काऊन्सेलर्सबरोबर त्याच फाइली बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ असेल तेव्हा वाचा.

तुमच्या मुलीची तुलना ऑफिसातल्या त्या मुलाशी होत नाही, तिच्याच शाळेत काय मिळू शकत होतं त्याच्याशी होते. अर्जाबरोबर शाळा स्वतःची एक स्कूल प्रोफाइल पाठवते, त्यात एपी किती आहेत, वर्षाला किती घेता येतात, नववीला परवानगी आहे का, अवघड वर्गांच्या ग्रेडला जादा वजन कसं देतात हे सगळं असतं. आणि कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) काऊन्सेलरला जो रिपोर्ट भरायचा असतो त्यात विचारलेलं असतं की या शाळेतल्या कॉलेजला जाणाऱ्या इतर मुलांच्या मानाने या मुलाचे कोर्सेस किती अवघड होते, आणि त्याच्या उत्तरात सगळ्यात वरची पायरी 'मोस्ट डिमांडिंग'. फार निवडक कॉलेजांसाठी ती खूण तिथे असावी असं बघायचं. म्हणजे ज्या शाळेत चारच एपी आहेत तिथे चार घेणारा मुलगा आणि वीस असलेल्या शाळेत आठ घेणारी मुलगी, दोघांनाही ती खूण मिळू शकते. ती कशावर देतात हे प्रत्येक शाळेचं वेगळं असतं, त्यामुळे नेटवर शोधण्यापेक्षा काऊन्सेलरला सरळ विचारा, 'आपल्या शाळेत मोस्ट डिमांडिंग म्हणायला साधारण काय लागतं?' बरेच जण सांगतात, विचारणारेच कमी.

रिगर खरंच बघतात का हे अंदाजाने ठरवायला नको. कुठल्याही कॉलेजचं नाव आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' असं शोधा, त्यात सी७ नावाचा तक्ता असतो, कोर्सेसचा कस, जीपीए (सगळ्या ग्रेड्सची सरासरी), टेस्ट स्कोअर, निबंध, इंटरव्ह्यू वगैरे प्रत्येक गोष्टीला त्या कॉलेजने स्वतः 'व्हेरी इम्पॉर्टंट' ते 'नॉट कन्सिडर्ड' असं लिहिलेलं असतं. निवडक कॉलेजांत कोर्सेसचा कस जवळजवळ नेहमी पहिल्या रकान्यात दिसतो, पण जीपीएही तिथेच असतो हे विसरू नका, म्हणजे अवघड घ्या आणि चांगले ग्रेड्सही आणा, दोन्ही. (नुसताच_वाचक यांचा विनोद दुर्दैवाने खराच आहे.)

आता मोजण्याबद्दल. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीने काही वर्षांपूर्वी स्वतःच्या विद्यार्थ्यांचा डेटा तपासला, त्यात हायस्कूलमध्ये कॉलेज लेव्हलचे साधारण पाच कोर्सेस होईपर्यंत पहिल्या वर्षाच्या ग्रेड्समध्ये फरक पडतो आणि त्यापुढे फारसा नाही असं त्यांना दिसलं, आणि पाचाच्या वर घेतल्याचा वेगळा फायदा देत नाही असं त्यांनी जाहीरही केलं. त्याच्याही आधी २००४ मध्ये बर्कलीच्या दोन संशोधकांनी यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) मुलांचा अभ्यास केला, तर एपी आणि ऑनर्स कोर्सेस किती घेतले याचा पुढच्या कॉलेजच्या कामगिरीशी संबंध जवळपास नव्हता, पण एपी परीक्षेच्या स्कोअरचा चांगला होता. म्हणजे नुसतं वर्गात बसणं आणि विषय खरंच येणं यातला फरक.

तुमच्या यादीबद्दल खरं सांगू का, स्पॅनिश काढणं ही यातली सगळ्यात उलटी चाल आहे. निवडक कॉलेजं इंग्लिश, गणित, सायन्स, सोशल स्टडीज आणि फॉरेन लँग्वेज हे पाच खांब आधी बघतात, हार्वर्ड आणि प्रिन्स्टन दोघंही एकाच परदेशी भाषेची चार वर्षं सुचवतात. तीन वर्षांनी भाषा सोडून एपीचा आकडा एकाने वाढवला तर जमाखर्चात तोटाच. फिजिक्स १ चं म्हणाल तर तो कॅल्क्युलसशिवायचा फिजिक्स आहे, बारावीला हवं तर घेईल, आणि उद्या मन बदलून इंजिनिअरिंग म्हणाली तर कॅल्क झाल्यावर बारावीला फिजिक्स सी (कॅल्क्युलस वापरून शिकवतात तो) जास्त कामाचा. कॅल्क्युलस एबी अकरावीला आणि बीसी (त्याच्या पुढची पातळी) बारावीला, छान आहे, घाई नको. माझ्याकडे दहावीत बीसीला येऊन बसलेली मुलं असतात ज्यांना अपूर्णांकांचा भागाकार करताना घाम फुटतो, उन्हाळ्यात सहा आठवड्यांत अख्खी जॉमेट्री 'उरकून' आलेली, आणि ते बघून पोटात तुटतं हो. कॅल्क्युलसचा एवढा बाऊ झालाय की २०२३ मध्ये कॅलटेकसारख्या कॉलेजने सांगितलं, शाळेत कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री मिळतच नसेल तर दुसऱ्या मार्गाने येतं हे दाखवा, आम्ही धरू, त्यात खान अकॅडमीचे कोर्सेसही चालतात. पण ते ज्यांच्या शाळेत नाही त्यांच्यासाठी, तुमच्याकडे आहे तर घ्यायचाच.

स्कोअरचं असं की बहुतेक ठिकाणी अर्जात तुम्ही स्वतः लिहायचे, सगळे लिहायची सक्तीही बऱ्याच ठिकाणी नसते, अधिकृत रिपोर्ट ॲडमिशन झाल्यावर पाठवायचा. आणि बारावीच्या मेमधल्या परीक्षेचे स्कोअर जुलैत येतात, निकाल मार्च-एप्रिलमध्येच लागलेले असतात, त्यामुळे ते ॲडमिशनला उपयोगाचे नाहीत, क्रेडिटला (म्हणजे कॉलेजने तो कोर्स झालाच असं धरायला) आहेत. म्हणजे ॲडमिशनपुरते दहावी आणि अकरावीचेच. पण बारावीत कोर्सेस हलके केले तर दिसतं, मिडइयर रिपोर्ट जातो आणि शेवटचा ट्रान्सक्रिप्टही (सगळ्या ग्रेड्सची अधिकृत नोंद) जातो.

एक बी प्लस, तोही दहावीच्या पहिल्या सेमिस्टरला, पहिल्या एपीत? झोपा शांत.

ह्यूस्टनकर

वरची पोस्ट उत्तम, पण टेक्ससात असाल तर गणित वेगळं हे कुणीतरी सांगायला हवं. १९९७ चा टॉप टेन पर्सेंटचा कायदा (शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत आपोआप ॲडमिशन), त्यातून यूटी ऑस्टिनला स्वतःची सूट मिळालेली आहे, बरीच वर्षं टॉप ६% ला आपोआप ॲडमिशन होती आणि २०२६ च्या फॉलपासून टॉप ५%. म्हणजे रँकच सगळं काही आणि रँक निघते वेटेड जीपीएवर (अवघड वर्गांना जादा वजन देऊन काढलेल्या सरासरीवर). आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये एपीच्या ए ला ५.० आणि साध्या वर्गाच्या ए ला ४.०, आता गंमत बघा, ऑर्केस्ट्रामध्ये ए मिळवला तरी तो ४.० म्हणून सरासरी खाली ओढतो, म्हणजे पोरगं व्हायोलिन वाजवून रँक घालवतं. मग मुलं काय करतात तर बँड-ऑर्केस्ट्रा जीपीएत धरू नका असा अर्ज देतात, शाळेचा नियम असेल तर. हेल्थ, स्पीच असले सक्तीचे विषय उन्हाळ्यात किंवा आठवीत उरकतात. दीड दशांश पुढे-मागे नाही हो, तिसऱ्या दशांश स्थळावर मारामारी असते.

आणि एवढं करून ऑटो ॲडमिशन युनिव्हर्सिटीची असते, मेजरची (मुख्य विषयाची) नाही. आमच्या शेजारच्या मुलीला ऑस्टिन मिळालं, कॉम्प्युटर सायन्स नाही मिळालं.

उसंत

कॅलिफोर्नियाचं मी सांगतो, कारण बे एरियात यावर लग्नं मोडायची वेळ येते.

यूसीच्या जीपीएत नववीचे ग्रेड्स धरतच नाहीत (कोर्स मात्र ए-जी, म्हणजे यूसीच्या सक्तीच्या विषयांच्या यादीसाठी, पास झालेला हवा), दहावी अकरावीचेच. एपीचा जादा पॉइंट मिळतो पण कॅप आहे, जास्तीत जास्त आठ सेमिस्टर, त्यातले दहावीचे चारच. म्हणजे वर्षभराचे चार कोर्स धरले की तुमचा कॅप्ड जीपीए भरला, पाचव्या-सहाव्याने तो आकडा तसूभर वाढत नाही. मग लोक म्हणतात बघा चार पुरे. तर तसंही नाही, कारण अर्ज वाचताना किती आणि कसले अवघड कोर्सेस केले हे वेगळं बघतातच, तो त्यांच्या लिखित निकषांत आहे. आणि यूसी आता एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षा बघतच नाही, काऊन्सेलरचा तो 'मोस्ट डिमांडिंग'वाला रिपोर्टही मागत नाही, म्हणजे राहिलं काय, ट्रान्सक्रिप्ट आणि निबंध. त्यामुळे इथे कोर्सेसवर ताण जास्तच येतो.

न्यू जर्सीतून अर्ज करणार असाल तर एक लक्षात ठेवा, कॅलिफोर्नियाबाहेरच्या शाळांच्या ऑनर्स कोर्सला यूसी जादा पॉइंट देत नाही, फक्त एपी आणि आयबीसारख्यांना (आयबी हा एपीऐवजी काही शाळांत असलेला आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम). स्पॅनिश ४ ऑनर्स म्हणजे त्यांच्या हिशोबात साधा ए. तरी स्पॅनिश ठेवाच, पाटी_खडू यांना अनुमोदन.

दोन_पोरांचा_बाप

सगळं वाचलं, पटलं, पण थोडं विरोधात लिहितो. 'कॉलेजं मोजत नाहीत' हे ऐकायला बरं वाटतं. तुमच्या शाळेच्या संदर्भात बघतात म्हणता ना, मग त्याच शाळेतून त्याच कॉलेजला पस्तीस जण अर्ज करतात, त्यातल्या वीस जणांचे अकरावीला पाच-सहा एपी असतात, तेव्हा तो संदर्भच सहाचा होतो. मोजायला कुणी बसत नसेल पण डोळ्यांना दिसतं की. चढाओढीच्या शाळेत राहायला जायचं, त्यासाठी घराचे जास्त पैसे मोजायचे, आणि मग म्हणायचं संदर्भ बघतात. तो संदर्भ आपणच विकत घेतलेला असतो.

माझ्या थोरल्याने अकरा केले. शाळेच्या काऊन्सेलरने (नाव गाव सोडा) दहावीत सांगितलं होतं सायन्स हवं तर हिस्टरी-इंग्लिशला साधं घेतलं तरी चालेल, आणि त्याच बाईंनी बारावीत सांगितलं की दोन खांब कच्चे असल्यामुळे मी सगळ्यात वरची खूण देऊ शकत नाही. अकरा एपी असून. धाकटीने सातच केले पण पाचही विषयांत पसरलेले आणि तिला वरची खूण मिळाली. आता थोरल्याला नकार आले ते त्यामुळेच का, तर मला माहीत नाही, कुणालाच माहीत नसतं, पत्रात कारण लिहीत नाहीत. हार्वर्डच्या कोर्ट केसमध्ये बाहेर आलं होतं की एका वर्षी परफेक्ट जीपीए असलेलेच ८,००० च्या वर अर्ज होते आणि प्रवेश द्यायचे होते २,००० च्या आसपास. म्हणजे अवघड कोर्स आणि ए हे नुसतं दारापर्यंतचं तिकीट, आत काय चालतं ते वेगळंच. पण तिकीट नसेल तर दारापर्यंतही नाही, म्हणून म्हणतो नवऱ्याला अगदीच वेड्यात काढू नका.

पैशाचंही बोला कुणीतरी. परीक्षेची फी साधारण १०० डॉलर एकेकाची, पण स्टेट युनिव्हर्सिटीला गेली तर त्यातून सेमिस्टर वाचू शकतं, फ्लोरिडा, इलिनॉय इथे तर पब्लिक युनिव्हर्सिटीने ३ ला क्रेडिट द्यायचं असा कायदाच आहे. उलट डार्टमथ २०१४ पासून क्रेडिट देत नाही, फार तर वरच्या वर्गात बसवतात. एमआयटीला कॅल्क्युलस बीसीत ५ असेल तर पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट, ४ ला काही नाही. म्हणजे जिथे ट्यूशन जास्त तिथे क्रेडिट कमी, असा सगळा मामला.

सेकंड_जेन_मराठी

हाय, माझं मराठी लिहिणं जरा चुकतं, सांभाळून घ्या (आई वाचते इथे, तिने धागा दाखवला). मी यातून गेले आणि आता मेडिकल स्कूलला अप्लाय करतेय, बायोलॉजी वाचलं म्हणून लिहिते कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अकरावीत मी आणि माझ्या फ्रेंड्सनी कम्युनिटी कॉलेजमधून ड्युअल एनरोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच खऱ्या कॉलेजचा कोर्स) केमिस्ट्री घेतली, एपी केमपेक्षा सोपी असते असं ऐकून, एकाच सेमिस्टरमध्ये वर्षाचं काम. मला सी आला. तेव्हा वाटलं ठीक आहे हायस्कूलची गोष्ट आहे. पण तो कॉलेजचा ग्रेड असतो, परमनंट कॉलेज ट्रान्सक्रिप्ट. मेडिकल स्कूलच्या अर्जात, एएमसीएएस म्हणतात, हायस्कूलमध्ये घेतलेले कॉलेज कोर्सेसपण सगळे टाकावे लागतात आणि जीपीएत धरतात. तर सोळाव्या वर्षीचा सी अजून माझ्याबरोबर आहे आणि सायन्स जीपीएत बसलाय. एपीत हे होत नाही, एपीचा स्कोअर वाईट आला तर तुम्ही पाठवत नाही, संपलं. ड्युअल एनरोलमेंट वाईट नाही, ज्यांच्या शाळेत एपी नाहीत त्यांना खूप चांगलं आहे, पण ट्रायल म्हणून घेऊ नका.

आणि काका, एपी कॉम्प्युटर सायन्स तिला आवडत असेल तरच. माझ्याकडे आठ एपी होते, मला इंटरव्ह्यूमध्ये एकाबद्दलही विचारलं नाही, मी दोन वर्षं एका नर्सिंग होममध्ये व्हॉलंटिअर करायचे त्याबद्दल वीस मिनिटं बोललो.

पाटी_खडू

सेकंड_जेन, हे फार महत्त्वाचं लिहिलंस, माझ्या शाळेतही सांगत नाहीत. मराठी छान आहे तुझं.

दोन_पोरांचा_बाप, तुमचा 'संदर्भ आपणच विकत घेतो' हा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त काही शाळांनी तो खेळच सोडला हेही बघा, २०१८ मध्ये वॉशिंग्टन भागातल्या आठ खासगी शाळांनी मिळून जाहीर केलं की २०२२ पर्यंत एपी बंद करणार, त्यात सिडवेल फ्रेंड्सही होती. त्यांना परवडतं म्हणा, त्या शाळांची नावंच पुरेशी असतात. पब्लिक शाळेने असं केलं तर पालक पार्किंगमध्येच गाठतील आम्हाला.

आयबीवाली

आमच्याकडे एपी नाही, आयबी आहे. तीन विषय एचएल म्हणजे वरच्या पातळीचे, बाकी एसएल म्हणजे साध्या पातळीचे, शिवाय ४,००० शब्दांचा निबंध, थिअरी ऑफ नॉलेज वगैरे, कमाल ४५ गुण. फायदा एकच, डिप्लोमा घेतला की किती घ्यायचे हा प्रश्न शिल्लक राहत नाही. बाकी झोपेचे प्रश्न तेच.

गोंधळलेली_आई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून लिहिलंत. अपडेट देते.

बुधवारी काऊन्सेलरला भेटलो, मुद्दाम तिघंही गेलो. पाटी_खडू ताईंनी सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला. ती बाई जरा थांबली आणि म्हणाली, आमच्याकडे ठरलेला आकडा नाही, पण पाच मुख्य विषयांत अकरावी-बारावीला मिळेल तिथे वरची पातळी घेतलेली असावी, आणि तुमच्या मुलीचा हा फॉर्म त्यात बसतो. ऑर्केस्ट्राबद्दल म्हणाली की नववीपासून आहे, सेकंड व्हायोलिनमध्ये सेक्शन लीडर व्हायची शक्यता आहे, ते काढून इंट्रोचा एक एपी घातला तर तिला काही लिहायला सुचणार नाही लेटरमध्ये. नवरा काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, 'सेक्शन लीडरचं तू मला सांगितलंच नाहीस', तर लेक म्हणाली 'मी दोनदा सांगितलं बाबा, तू तेरा तेरा करत होतास'.

आणि खरी बातमी पुढे आहे. काल त्याने ऑफिसात त्या गृहस्थांना नीट विचारलं. मुलाचे तेरा एपी खरे, कॉर्नेलही खरं. पण मुलगा स्क्वॉश खेळतो, नॅशनल रँकिंग होतं, कोच अकरावीच्या उन्हाळ्यापासून संपर्कात होता. हे इतके महिने आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर आम्ही विचारलंही नव्हतं.

फॉर्म आज सकाळी दिला. चार एपी, स्पॅनिश ४, ऑर्केस्ट्रा. बायो आणि कॅल्क दोन्ही जमतील का ही धाकधूक आहेच, काऊन्सेलर म्हणाली सप्टेंबरच्या शेवटापर्यंत एखादा विषय ऑनर्सला खाली नेता येतो, ट्रान्सक्रिप्टवर काही राहत नाही, तुमच्या शाळेतही असतं का असं? तारीख लिहून फ्रिजवर लावलीय.

दोन_पोरांचा_बाप

स्क्वॉश! हाहाहा. तारीख मात्र लेखी घ्या त्यांच्याकडून, ईमेलवर.